खासगी वहीचे गाणे होताना

माणूस काही गोष्टी जगासाठी लिहितो, तर काही केवळ स्वतःसाठी, देवासाठी किंवा घरातील एखाद्याच जिवलगासाठी लिहितो. जगासाठी लिहिताना तो शब्द निवडतो, वाक्य घासून-पुसून ठेवतो, आपली बाजू सावरून धरतो. स्वतःसाठी लिहिताना ही सावधगिरी गळून पडते. म्हणूनच जुन्या पत्रांना, रोजनिशींना, प्रार्थनेच्या वह्यांना छापील पुस्तकांत क्वचित सापडणारे मोल असते. परंतु अशा लेखनाला कोणी चाल लावतो, वाद्यांची साथ देतो, ते ध्वनिफितीवर किंवा तबकडीवर चढवतो आणि आजच्या काळात ते घरोघरी हातातल्या मोबाईलवर वाजू लागते, तेव्हा मूळ लेखनातील किती भाग गाण्याबरोबर येतो आणि किती मागे राहतो, हा प्रश्न रसिकाने आणि श्रद्धावंतानेही विचारावयास हवा.

आपल्या धर्मग्रामांत गायली जाणारी पुष्कळ भक्तिगीते मुळात कोणाच्या तरी एकांतातील प्रार्थना असतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही. प्रस्तुत लेखात तीन स्त्रियांच्या शब्दांचा विचार करावयाचा आहे. एक आपल्याच जिल्ह्यातील शिऊरची संत बहिणाबाई, दुसरी फ्रान्समधील लिझ्यू येथील बाळ येशूची संत तेरेजा आणि तिसरी अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील जळगावची बहिणाबाई चौधरी. तिघींपैकी एकीनेही आपले शब्द बाजारात जावेत म्हणून रचले नव्हते. तिघींचेही शब्द इतरांच्या हातांनी, इतरांच्या कंठांनी लोकांपर्यंत पोहोचले.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी हे गाव आहे. सतराव्या शतकात, इ. स. १६२८च्या सुमारास, येथे एका ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरी बहिणा जन्मली. बालवयातच तिचा विवाह तिशीतल्या एका बिजवराशी झाला. भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, रहिमतपूर असा प्रवास करीत ही माणसे कोल्हापुरास पोहोचली. तेथे बहिणेला कीर्तनाचा आणि तुकोबांच्या अभंगांचा ध्यास लागला. तिला लळा लागलेले एक वासरू कीर्तनालाही तिच्या मागोमाग येई. लोकांत याचा बोभाटा झाला, नवऱ्याचा संताप अनावर झाला आणि त्याने तिला बांधून मारले. पुढे ते वासरू गेले, ती कित्येक दिवस शुद्ध हरपून पडली आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचा स्वप्नात अनुग्रह झाला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा हे त्या काळी केवढे धाडस होते, हे आज पुरते उमगणार नाही. हा सारा वृत्तांत आपल्याला कोणा चरित्रकाराकडून नव्हे, तर तिच्याच ‘आत्मनिवेदन’पर अभंगांतून कळतो. अंतकाळी मुलाला, विठोबाला, तिने आपल्या पूर्वजन्मांच्या कथाही सांगितल्या. इ. स. १७०० मध्ये ती निवर्तली. वैजापूर तालुक्यात शिऊर येथे तिची समाधी आहे.

मराठीत स्त्रीने स्वतःच्या आयुष्याची सलग हकीकत सांगावी, याचे इतके जुने उदाहरण दुसरे सापडणे कठीण. दोन शतकांहून अधिक काळ हे अभंग हस्तलिखितांतच राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते छापून आले आणि १९२९ मध्ये जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन ख्रिस्ती मिशनऱ्याने त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. वारकरी परंपरेतील एका स्त्रीचा अंतरीचा उमाळा एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने जगापुढे ठेवला, ही गोष्ट आपण ख्रिस्ती मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता गाण्याचा विचार करू. कीर्तनांत, भजनी मंडळांत आणि ध्वनिमुद्रणांत बहिणेचा कोणता अभंग सर्वाधिक ऐकू येतो? वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देऊन ज्ञानदेवांना पाया आणि तुकोबांना कळस म्हणणारा तो सुप्रसिद्ध अभंग. तो सुंदर आहे यात शंका नाही. परंतु त्यात बहिणा स्वतः जवळजवळ नाही. त्या तुलनेने, दोराने बांधलेली, वासरासाठी रडणारी, स्त्रीजन्म का आला म्हणून देवालाच जाब विचारणारी बहिणा चालीवर ऐकू येणे विरळाच. समाजाने तिच्या वहीतील सर्वांना सोयीचे पान उचलून गाणे केले आणि अडचणीची पाने मिटून ठेवली. यात कोणाचा कट नाही. समूहाने गाता यावे म्हणून एकट्याचे दुःख बाजूला सारले जाते आणि हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. खासगी लेखनाचे गाणे होताना संभवणारा पहिला धोका तो हाच.

याच वैजापूर तालुक्यात, शिऊरपासून फार दूर नसलेल्या घोगरगावी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव धारण करणाऱ्या संघाचे धर्मगुरू आले. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबांच्या श्रद्धेचे मूळ त्या मिशनकार्यात आहे. त्याच संत फ्रान्सिसने स्थापन केलेल्या धर्मभगिनींच्या एका मठात, फ्रान्समधील ल मां या गावी, तेरेजा मार्तां हिची मावशी होती. साध्या, रोजच्या जगण्यातून देवाकडे जाण्याची संत फ्रान्सिसची शिकवण त्या घरात मावशीच्या पत्रांतून झिरपत राहिली. तेव्हा शिऊरहून लिझ्यूला जाणे, हे आपल्यासाठी वाटते तितके दूरचे अंतर नव्हे.

तेरेजा वयाच्या पंधराव्या वर्षी, १८८८ मध्ये, लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने मरण पावली. मठाबाहेर तिला फारसे कोणी ओळखत नव्हते. आज्ञेवरून तिने आपल्या बालपणीच्या आणि आध्यात्मिक जीवनाच्या आठवणी वह्यांत लिहिल्या. याखेरीज १८९३ पासून पुढे तिने पन्नासहून अधिक कविता केल्या. कोणा धर्मभगिनीचा सण असे, कोणाचा व्रतग्रहणाचा दिवस असे, कोणी आग्रह करी आणि तेरेजा चार कडवी लिहून देई. मठातील करमणुकीच्या वेळी त्या गायल्या जात आणि त्यासाठी ती तत्कालीन लोकप्रिय गाण्यांच्या चाली बेधडक वापरी. थोडक्यात, ही भेट दिलेली गाणी होती आणि त्यांचा श्रोतृवर्ग एका बंदिस्त मठातील मूठभर स्त्रिया एवढाच होता.

तिच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने, १८९८ मध्ये, ‘एका आत्म्याची कथा’ या नावाने तिच्या वह्या प्रसिद्ध झाल्या. मठातच असलेली तिची थोरली बहीण मदर आग्नेस हिने त्यांत हजारो फेरफार केले होते. वाक्ये सुधारली, काही भाग गाळले, काही मऊ केले. न्यायाची गोष्ट म्हणजे, बहिणीला अशी मुभा तेरेजानेच मृत्युशय्येवर दिली होती. त्यामुळे आग्नेसला दोष देणे सोपे असले तरी योग्य नाही. परंतु परिणाम असा झाला, की अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगाला ठाऊक होती ती गुलाबपाकळ्यांतील गोड तेरेजा. मूळ वह्या जशाच्या तशा १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि कवितांची चिकित्सक आवृत्ती त्यानंतर १९७९ मध्ये आली. तेव्हा कोठे अभ्यासकांच्या बाहेरील वाचकांनाही खरी, करारी, अंधाराशी झुंजणारी तेरेजा दिसू लागली.

या पार्श्वभूमीवर २०१३ मध्ये फ्रान्समध्ये एक अल्बम निघाला. ग्रेग्वार हा तेथील लोकप्रिय गीतकार-गायक. २००८ पासून त्याची स्वतः रचलेली प्रेमगीते तरुणांच्या तोंडी होती. त्याने तेरेजाच्या कवितांना नव्या चाली दिल्या आणि वेगवेगळ्या गायक-गायिकांकडून त्या गाऊन घेतल्या. यात प्रमुख स्वर नताशा सें-पिए या कॅनडातील फ्रेंच भाषिक गायिकेचा होता. ‘प्रेमावर जगणे’ या अर्थाच्या शीर्षकाचे गीत तिने मूळ इंडोनेशियाच्या अंगून या गायिकेसह गायले. हा अल्बम चर्चच्या दुकानापुरता न राहता सर्वसाधारण रसिकांत मोठ्या प्रमाणावर खपला. पुढे २०१८ मध्ये नताशाने तेरेजाच्या शब्दांवरच दुसरा अल्बम काढला. त्याचे शीर्षकही तेरेजाच्या मरियामातेवरील अखेरच्या दीर्घ कवितेतून घेतलेले आहे.

या प्रयत्नावर एक आक्षेप सहज सुचतो. संताचे शब्द सिनेसंगीताच्या वळणाच्या हलक्या चालींत बांधावेत काय? आपल्याकडेही गायकवृंदाने ढोलकी वा की-बोर्ड आणला, की हीच कुरबुर ऐकू येते. माझ्या मते हा आक्षेप येथे टिकत नाही. तेरेजाने स्वतःच बाजारातल्या चाली मठात आणल्या होत्या. लोकांच्या कानावर असलेल्या सुरावटीत देवाचे शब्द ओतणे ही तिचीच रीत आणि ग्रेग्वारने ती सव्वाशे वर्षांनी पुढे चालवली इतकेच. ज्यांनी कधी चर्चचा उंबरा ओलांडला नसेल अशा हजारो घरांत या अल्बममुळे तिचे शब्द शिरले. मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून १९२७ मध्ये जिची घोषणा झाली, त्या संत तेरेजाला हे नक्कीच आवडले असते.

खरी उणीव दुसरीकडे आहे. ‘प्रेमावर जगणे’ ही कविता तिने फेब्रुवारी १८९५ मध्ये, पवित्र साक्रामेंताच्या चाळीस तासांच्या आराधनेच्या दिवसांत, लिहिली. तिला पंधरा कडवी आहेत. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात त्यांतील थोडीच मावणार, हे उघड आहे. या कवितेत प्रेम म्हणजे ताबोर पर्वताच्या तेजात मुक्काम ठोकणे नसून येशूबरोबर कालवारी चढणे होय, असा विचार आहे. कवितेत हा चढ कडव्याकडव्याने चढावा लागतो. गाण्यात मात्र ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, वाद्यमेळ उंचावतो आणि ऐकणारा कसलाही चढ न चढता शिखरावर पोहोचतो. चाल कानाला गोड आहे, पण वाटेतला घाम ती पुसून टाकते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढील वर्षाची. १८९६ च्या पवित्र सप्ताहात तिला रक्ताची गुळणी आली आणि ईस्टरनंतर तिच्या मनात श्रद्धेचा अंधार दाटला. स्वर्ग आहे की नाही, हाच प्रश्न तिला ग्रासू लागला आणि तो मरेपर्यंत सुटला नाही. याच काळात ती स्वर्गसुखाच्या आनंदाने ओथंबलेल्या कविता करीत राहिली. हा विरोध तिने स्वतःच अखेरच्या वहीत उलगडला आहे. आपल्या कवितांतील आनंद वाचून लोकांना वाटेल, की हिला पडदा दूर सारलेला दिसतो आहे. प्रत्यक्षात तो आनंद तिला मुळीच जाणवत नसून, ज्यावर विश्वास ठेवण्याची तिची इच्छा आहे तेच ती गात आहे, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. तेरेजाच्या साऱ्या काव्याची किल्ली येथे आहे. तिचे गोड शब्द सुखातून आलेले नाहीत. अंधारात भिंत चाचपत चालणाऱ्या माणसाने स्वतःला धीर देण्यासाठी म्हटलेले ते शब्द आहेत.

हे ज्याला ठाऊक आहे त्याला तीच कविता वेगळी ऐकू येते. ज्याला ठाऊक नाही, त्याला ती केवळ हळुवार भक्तिगीत वाटते. ग्रेग्वारच्या अल्बममध्ये आवाज निर्मळ आहेत आणि श्रद्धेचा उपहास कोठेही नाही. परंतु सगळी गीते जवळजवळ एकाच उजेडात न्हालेली आहेत. जेथे एखादा सूर थबकावयास हवा होता, जेथे वाद्ये गप्प राहून शब्द उघडा पडावयास हवा होता, तेथेही वाद्यमेळ भरून वाहत राहतो. मदर आग्नेसने लेखणीने जे केले, ते येथे सुरांनी पुन्हा झाले, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. आग्नेसचा हेतू प्रेमाचा होता, ग्रेग्वारचाही आदराचाच आहे. पण वेदना झाकण्यासाठी दुष्ट हेतू लागतोच असे नाही. पुष्कळदा प्रेम आणि आदरच ते काम करतात.

मग खासगी शब्दांना न दुखावता चाल लावणे शक्यच नाही काय? शक्य आहे. त्यासाठी पुन्हा आपल्याकडे, अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात यावयास हवे. असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या आणि जळगावी नांदलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपाशी, शेतात राबताना त्या ओव्या रचीत. तिशीत वैधव्य आले तरी गाणे थांबले नाही. मुलगा सोपानदेव, जो पुढे कवी झाला, याने आणि एका मावसभावाने ती गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्यावर ती टिपणे आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात वसंत पवार यांच्या संगीतात ती गाणी महाराष्ट्रभर गेली. नंतर यशवंत देव यांच्या चालींत उत्तरा केळकर यांनी ती गायली.

या वहीचे गाणे होताना काय टिकले? पहिली गोष्ट, बोली टिकली. छापताना कोणी तिला पुणेरी प्रमाण मराठीचे लुगडे नेसवले नाही आणि गातानाही ती खानदेशीच राहिली. दुसरी गोष्ट, प्रसंग टिकला. चुलीचा चटका, सुगरणीचा खोपा, विहिरीवरची मोट हे सारे बहिणाबाईंनी शब्दांतच गोवून ठेवले होते. त्यामुळे चाल कितीही गोड झाली तरी कष्ट सुटून पडत नाहीत. कपाळीचे कुंकू पुसल्यानंतर ज्योतिष्याला आपल्या दाराशी येऊ नको म्हणणारी बाईदेखील त्याच वहीत आहे आणि तीही गायली गेली. तिसरी गोष्ट संगीतकाराची. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाचे पुस्तकच लिहिले. सुराने शब्दाच्या पुढे धावू नये, शब्दाचा अर्थ जेथे थांबतो तेथे सुरानेही थांबावे, ही त्यांची दृष्टी होती. खासगी लेखनाला चाल लावणाऱ्या प्रत्येकाने ती गिरवावी अशी आहे.

अर्थात तुलना करताना एक भेद विसरू नये. बहिणाबाई चौधरींचे शब्द जन्मतःच गाणे होते, तर तेरेजाचे गूढ कवितेत नसून कविता आणि वही या दोहोंच्या मध्ये आहे. ते केवळ सुरांनी दाखवणे कठीण. पण दोन गीतांच्या मध्ये तिच्या वहीतील चार वाक्ये कोणी शांतपणे वाचून दाखवली असती, तरी काम झाले असते. आपल्या कीर्तनकारांना ही युक्ती शतकानुशतके ठाऊक आहे. आधी निरूपण, मग अभंग. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन मराठीत रुजवले, त्यामागेही हीच जाण होती. प्रसंग सांगितल्याविना पद गाऊ नये.

ख्रिस्तसभेने या बाबतीत आपल्यासमोर एक मोठा आदर्श ठेवला आहे. स्तोत्रसंहितेतील पुष्कळ स्तोत्रे एकेका माणसाच्या जिवाचा आकांत आहेत आणि तरीही ती अवघ्या सभेची प्रार्थना झाली. त्यांतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र सर्वांत काळोखे. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे मात्र अंधारातच संपते. गोड शेवट जोडून ते सुसह्य करण्याचा मोह कोणालाही झाला असता. ख्रिस्तसभेने तसे केले नाही. दर शुक्रवारी, प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवशी, रात्रीच्या प्रार्थनेत ते जसेच्या तसे म्हटले जाते. एका माणसाचा काळोख सर्वांनी मिळून गाणे, पण तो काळोखच राहू देणे, ही खासगी शब्दाला सार्वजनिक करण्याची सर्वांत प्रामाणिक रीत होय.

हा विचार आपल्या घरांपर्यंत आणावयास हवा. मराठवाड्यातील आपल्या ख्रिस्ती घरांत पेटीच्या तळाशी, पवित्र शास्त्राच्या पानांत अजूनही जुन्या वह्या सापडतील. आजीने लिहून ठेवलेली प्रार्थना, दुष्काळात गाव सोडताना कोणी जुळवलेली ओवी, दूरच्या शहरातून मुलाने आईला पाठवलेले पत्र. आता ध्वनिमुद्रण करणे स्वस्त आणि सोपे झाले आहे. धर्मग्रामाच्या सणाला तरुणांचा गायकवृंद या वह्यांतून नवी गीते बांधू लागला, तर त्याचे स्वागतच करावे. मात्र काही पथ्ये पाळावीत. ज्याची वही आहे तो हयात असेल तर त्याची, नसेल तर घरच्यांची संमती घ्यावी. हे शब्द कोणासाठी आणि कोणत्या वेळी लिहिले, ते गाण्याआधी सांगावे. बोली सुधारू नये. जे कडवे गाताना आवाज अडखळतो, तेच गाळण्याचा मोह टाळावा, कारण बहुधा त्याच कडव्यासाठी लिहिणाऱ्याने लेखणी हाती घेतलेली असते.

ग्रेग्वारच्या अल्बमचे मोल मी कमी मानीत नाही. ज्या कानांवर तेरेजाचे नावही पडले नसते, त्यांच्यापर्यंत तिचे शब्द पोहोचले, ही सेवा थोडी नव्हे. पण तो ऐकणाऱ्याने तेथेच थांबू नये. गीत ऐकल्यावर ‘एका आत्म्याची कथा’ हाती घ्यावी आणि तिची अखेरची वही वाचावी. तसेच इमारतीचा अभंग म्हणून झाल्यावर शिऊरच्या बहिणेचे आत्मनिवेदनही उघडावे. ज्या दोघींनी देवावरील प्रेम मारहाणीत, आजारात आणि अंधारात टिकवून धरले, त्यांचे केवळ गोड सूर स्वीकारणे आणि त्या सुरांची किंमत न विचारणे, हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या मुलांना ही गाणी शिकवताना त्यामागचे आयुष्यही सांगितले, तर संकटाच्या रात्री त्यांना तेच गाणे उपयोगी पडेल.